डावीकडचा उसासा

अमारू रोज पिको बेटाच्या डोंगरावर दुर्बीण लावून बसे आणि देवमासा दिसला, की वायरलेसवरून बोटींना कळवी. त्या दिवशी पर्यटकांच्या बोटीत त्याची आंधळी बायको इदालिना पहिल्यांदाच बसली होती, आणि नेमके ढग खाली उतरले.

"इथून काहीच दिसत नाही. फिरा माघारी," वायरलेसवर अमारूचा पडलेला आवाज आला.

"जरा गप्प बसा हो!" इदालिनाने कान टवकारले. "डावीकडे कुणीतरी उसासा टाकतंय."

कप्तानाने बोट हळूच तिकडे वळवली. एक अजस्र मादी आणि तिचं पिल्लू इतक्या जवळ वर आली, की फवाऱ्याने इदालिना चिंब भिजली.

वायरलेसवरून लोकांचा जल्लोष ऐकून अमारू कासावीस झाला. "अगं, कसा आहे देवमासा? सांग ना!"

"सांगते, सांगते," ती खळखळून हसली. "तीस वर्षं तुम्ही सांगत आलात, आज माझी पाळी."