आत्याची पाठ

पितळी वाटीतलं पाणी हललं की वर, मेथडिस्ट चर्चच्या कौलांखाली, उजेडाचा एक तुकडा नाचायचा. सुवार्ता मान वर करून त्याच्याकडेच बघत बसली होती. तिला वाटलं, तिच्या छोट्या भावाचं नाव म्हणजे हाच उजेड. कुणाच्या हाती लागत नाही, नुसतं वरच्या वर तरंगतंय.

“बिड्डा पेरू?” पास्टर अय्यगारूंनी दुसऱ्यांदा तेलुगूत विचारलं, मग मराठीत. “दौलत, लेकराचं नाव काय?”

बाबांनी आईच्या कुशीतल्या बाळाचं टोपडं सारखं केलं. “थोडं थांबा, अय्यगारू. नाव माह्यी बहीण ठेवन. जैनथची बस येऊ द्या.”

सतरंज्यांवर कुजबुज उठली. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या चंपतरावांनी दोरी बांधलेला चष्मा नाकावर ढकलला. “अरे, हा बाप्तिस्मा हाय, बारसं नोहे. अन् द्वारकाबाई चर्चात पाय ठेवत नाई, साऱ्या गावाले ठाऊक हाय.”

“येईन ते.”

“अन् तिनं बापाचं नाव सांगितलं, धोंडीबा म्हनून, तं?”

“तं धोंडीबा,” बाबा म्हणाले.

मागे पोरी फिस्सकन हसल्या. सुवार्ता नाही हसली. नाव ठेवायचा मान आत्याचा, हे बाबा मागच्या वेळी विसरले होते. दोन वर्षांपूर्वी याच वाटीतल्या पाण्यानं मनकर्णाची सुवार्ता झाली होती, आणि मनकर्णा हे नाव आत्यानं पाळण्याशी वाकून तिच्या कानात सांगितलेलं होतं. तेव्हापासून आत्या भावाच्या घरचं पाणीसुद्धा पीत नव्हती. सुवार्ताला आपलं नवं नाव आवडायचं, अगदी मोठ्यानं हाक मारून घ्यावंसं वाटायचं. पण कधी कधी झोपेत जाता जाता तिला दिसायचं, की मनकर्णा आत्याच्या गावी, जैनथच्या पांढऱ्याशुभ्र कापसात एकटीच खेळते आहे आणि संध्याकाळ झाली तरी तिला कुणी घरी बोलावत नाही.

फाट्यावर लाल बसचा हॉर्न वाजला.

सगळ्या माना दाराकडे वळल्या. दारातून ऊन आत आलं, उन्हाबरोबर रस्त्यावरच्या गाड्यांमधून उडालेला कापूस आला, आणि त्या तरंगत्या कापसामागून द्वारकाआत्या आली. कपाळभर कुंकू, लुगड्याच्या काठाला धूळ. ती चपला काढून ढिगाऱ्यापाशीच थांबली. आतून कुणी “या” म्हणालं नाही. तिनंही पाय उचलला नाही.

सुवार्ता उठली आणि शेजारी बसलेल्या कुसुमबाईंच्या मांडीवरून उडी मारून पळाली.

“आत्या, आत ये नं!”

“नाई येत. इथंच बरी हाय मी. कान इकडं कर, मनकर्णे.”

आत्याच्या श्वासाला लवंगेचा वास होता. “किती रात्री झोप नाई मले. म्हटलं, लेकराले द्याले माह्यापाशी हाय तरी काय? धड टोपडं बी नाई शिवलं. आशीर्वाद हाय फक्त. मंग तेच नाव ठेवा म्हना, आशीर्वाद.” तिनं सुवार्ताच्या केसांतला कापूस टिपला. “अन् यावेळी हे नाव पुसून टाकू नका म्हना.”

सुवार्तानं ओठ गच्च मिटले. काठोकाठ भरलेली घागर न्यावी तशी ती हळूहळू चालत निघाली. बायकांची बाजू, पुरुषांची बाजू, मधली वाट पैनगंगेच्या वाळूसारखी लांबच लांब झाली होती. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते आणि नाव आत गोडगोड विरघळायला लागलं होतं. सांडलं तर? आधी तिनं ते बाळाच्या कानात ओतलं, आत्या ओतते तसं. मग अय्यगारूंना सांगितलं.

“आशीर्वादम!” अय्यगारूंचे डोळे मोठ्ठे झाले. “मा नान्ना पेरू! अरे, माझ्या बापाचं नाव हे!”

तेलुगू मंडळी खळखळून हसली, मग मराठी मंडळीही. बाबा मात्र दाराकडे बघत राहिले. चंपतरावांनी चष्मा काढून पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला.

पाणी बाळाच्या टाळूवर पडलं. बाळानं भोकाड पसरलं आणि वरच्या उजेडाचे शंभर तुकडे होऊन कौलांखाली धावत सुटले. दोन्ही बाजूंनी एकदमच “आमेन” आलं.

सुवार्तानं मागे वळून पाहिलं. आत्या निघाली होती. वाकून ढिगाऱ्यातल्या आपल्या चपला शोधत होती, आणि दाराच्या चौकटीत तिची पाठ तेवढी दिसत होती.

पाठ!

सुवार्ता धावली. मागोमाग सगळी पोरं धावली. नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायच्या, हे त्यांना संडे स्कूलमध्ये कुणी शिकवलेलं नव्हतं. पण मूठ वर गेल्यावर सुवार्ता थबकली. चर्चात चालतं का हे?

आत्या वळली नाही. वाकल्या वाकल्याच म्हणाली, “काऊन थांबली वं? एवढ्या दुरून काय चपला शोधाले आली मी?”

धप्प!

“अगं माय! जीव घेतं का, पोट्टे?” आत्या हसत गरकन वळली, तर पोरं तिच्या काखेखालून, लुगड्याच्या घोळाखालून बाहेर निसटली आणि अंगणाच्या बाजूनं पाठीत धपाधप सुरू झाली. “पुरे रे! पुरे!” आत्या पुढे सरकत होती, हसत होती, पदरानं डोळे पुसत होती.

बुक्क्या थांबल्या तेव्हा ती उंबऱ्यावर उभी होती. तिच्या एका पायात चप्पल होती. दुसरा पाय अनवाणी होता, आणि तो आत होता.