वीतभर खिडकी

काचेवर वाफ धरत होती, आणि ती बाहेरच्या बाजूनं.

पाळकसाहेबांनी नेमकं तेव्हाच तिकडे बोट केलं, म्हणून सगळ्यांना दिसलं. चर्चचा वर्धापनदिन होता. साहेब तरुण, अभ्यासू. एकेक शतक घेऊन चर्चचा इतिहास सांगत सुटले होते, आणि मागच्या बाकांवर दोन-चार माना केव्हाच कलंडल्या होत्या. ते सांगत होते, की भिंतीतली ही वीतभर खिडकी कुष्ठरोग्यांसाठी पाडलेली. त्यांना आत मज्जाव होता. त्यांनी बाहेर थंडीवाऱ्यात थांबायचं आणि या फटीतून दिसेल तेवढी उपासना पाहून घ्यायची. किती निष्ठुर होती तेव्हाची माणसं, असं साहेब हळहळून म्हणाले. याच आठवड्यात त्या खिडकीला जाड काच बसली होती आणि खाली पितळी पाटी लागली होती : ‘पूर्वी इथून बाहेरचे लोक उपासना पाहत.’

पूर्वी! वाफ येत होती, विरत होती, पुन्हा येत होती. पलीकडे कुणीतरी चांगलं जिवंत होतं.

कुत्रं असेल, असं कुणीसं पुटपुटलं. तशा आत्याबाई उठल्या. त्या कुणाच्याच सख्ख्या आत्या नव्हेत, पण कमिटीत त्यांचा शब्द शेवटचा. काचही त्यांच्याच आग्रहाची. फटीतून येणारा गार वारा थेट त्यांच्या गुडघ्यात शिरायचा. ऑर्गन वाजवणारे मास्तर तेवढे काच नको म्हणाले होते. का नको, विचारलं तर गप्प. म्हातारपणाची खोड, म्हणून सगळ्यांनी विषय मिटवला.

मास्तरांचं अलीकडे तसंच चाललं होतं. वर्षभर ऑर्गन असा बडवत होते, की पुढच्या बाकावरची मुलं कानांत बोटं घालायची. आज तर छप्पर उडायचंच बाकी राहिलं होतं. कान गेले बिचाऱ्यांचे, असं लोक म्हणत. बायकोच्या दुखण्यानं खचले, असंही म्हणत.

मास्तरीणबाईंचं दुखणं म्हणजे विसरणं. उभा जन्म चर्चमध्ये गायल्या, आणि आता बाकी सगळं पुसून एक निरोपाचं गीत तेवढं उरलं होतं. उपासना संपताना म्हणायचं ते गीत बाई वाटेल तेव्हा सुरू करायच्या. प्रवचन चाललेलं असो की मूक प्रार्थना. बाईंना घरी जायची घाई, म्हणून लोक आधी हसले. मग वैतागले. शेवटी वर्षापूर्वी आत्याबाईंनीच मास्तरांना बाजूला घेऊन, अगदी गोड शब्दांत, तिला घरीच बरं वाटेल असं सुचवलं होतं. मास्तरांनी मान हलवली होती. तेव्हापासून ते एकटेच यायचे. शेजारीण बसते तिच्यापाशी, म्हणायचे.

तर आत्याबाई छत्री घेऊन कुत्रं हाकलायला बाहेर गेल्या. मास्तर बाकावरून अर्धवट उठले आणि परत खाली बसले. साहेब बोलायचे थांबले. सगळे काचेकडे बघत राहिले. हाडहुड काही ऐकू आली नाही. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग काचेवरच्या त्या वाफेला लागूनच वाफेचं आणखी एक वर्तुळ उमटलं.

मास्तरांनी तोंड ओंजळीत लपवलं.

दार उघडलं. आत्याबाईंच्या एका हातात छत्रीऐवजी घडीचं स्टूल होतं, दुसऱ्या हातात मास्तरीणबाईंचा हात. बाईंच्या अंगात रविवारचा ठेवणीतला कोट होता. मफलरची गाठ अगदी गळ्याशी, पुरुषी हातानं घट्ट मारलेली. नाकाचा शेंडा गारठून लाल झाला होता. आत्याबाईंचे दुखरे गुडघे मातीनं माखले होते.

“त्या खिडकीतून वेदी दिसतच नाही, साहेब,” आत्याबाई म्हणाल्या. “ऑर्गन आड येतो. फक्त मास्तरांची पाठ दिसते. आणि आता काचेमुळे ऐकूही येत नाही.”

मास्तरीणबाई एवढी सगळी तोंडं एकदम बघून हरखल्या, आणि भर प्रवचनात त्यांनी निरोपाचं गीत सुरू केलं.

साहेबांनी हातातल्या कागदांकडे पाहिलं. अजून बरीच शतकं उरली होती. त्यांनी कागदांची घडी घालून ती खिशात टाकली.

“मास्तर,” ते म्हणाले, “साथ द्या.”

आत्याबाईंनी बाईंना ऑर्गनपाशी नेलं आणि बाकावर मास्तरांना खेटून बसवलं. सगळी मंडळी उभी राहिली. पुढच्या मुलांनी सवयीनं कानांत बोटं घातली.

आणि मास्तर इतकं हळू वाजवू लागले, की ते ऐकायला मुलांना बोटं काढावी लागली.