लिंबाचा खड्डा

“लिंबू तिथे नको, साहेब. इकडे भिंतीलगत लावा,” कमरेएवढ्या भिंतीपलीकडून मास्तर म्हणाले.

साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भिंतीपासून बरोबर चार फुटांवर त्यांनी फक्कीने गोल आखला आणि मधोमध खुंटी ठोकली.

साहेब म्हणजे जमीनमोजणीच्या खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ. उभा जन्म लोकांच्या हद्दी मोजण्यात गेला; स्वतःच्या परसात टेप धरायला सवड मिळाली ती आत्ता. मास्तर म्हणजे शेजारचे शिंपी. एकटेच राहायचे. साहेबांची बायको रोज दुपारी भाजीची वाटी भिंतीवर ठेवायची. संध्याकाळी ती धुऊन परत यायची, कधीकधी आत साहेबांच्या सदऱ्याला लागतील अशी चार बटणं असायची. तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

परसबाग ही बायकोची हौस. “मागे चार भाज्या लावून द्या हो,” असं ती लग्नापासून म्हणत आलेली. आता साहेबांनी मनावर घेतलं ते थेट नकाशाच काढून. काकडीचा मांडव, टोमॅटोचे दोन वाफे, मिरचीची रांग, नळाजवळ कोथिंबीर आणि कोपऱ्यात लिंबू. सगळं इंचाइंचाने. बायको कागद बघून म्हणाली, “अहो, भाजी लावताय की धरण बांधताय?”

त्या नकाशानेच घोळ घातला. स्वयंपाकघराशेजारून सरळ येणारी भिंत मागे परसात आली की साहेबांच्या बाजूला वळत होती. इतकी वर्षं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. साहेबांनी पुढच्या भिंतीची रेघ धरून मागेपर्यंत दोरी ताणली. भिंत दोन फूट आत! दुसऱ्या अंगाला ओढा, त्याचा काठ दर पावसाळ्यात सरकणारा, तिकडून मोजण्यात अर्थ नव्हता. पण दोरी काय खोटं बोलते? आणि दिवसभर ऊन खाणारी जागा नेमकी तीच.

भिंत घातली होती मास्तरांच्या वडिलांनी, साहेबांच्या लग्नाच्या वर्षी. साहेब तेव्हा लांब कॅम्पवर होते. घरी वडील नव्या सुनेसाठी स्वयंपाकघर वाढवण्यात गुंतलेले. कोणाचं लक्ष नाही बघून शेजारच्या म्हातारबुवांनी डाव साधला होता. साहेबांना राग दोन फुटांचा नव्हता. ज्याने साऱ्या तालुक्याच्या हद्दी मोजल्या, त्यालाच शेजाऱ्याने गंडवावं, हे त्यांना झोंबलं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! त्यांनी सरकारी मोजणीचा अर्ज लिहून खिशात ठेवला.

“दोन फुटांसाठी मास्तरांशी वाकडं घेणार?” बायको सकाळीच म्हणाली होती. “मग वाटी कुठे ठेवू मी, तुमच्या डोक्यावर?”

“हक्क म्हणजे हक्क.”

“असलं हक्काचं लिंबू मला नको,” असं म्हणून ती आत गेली ती बाहेर आलीच नाही. साहेबांना वाईट वाटलं. पण माघार घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

आता त्यांनी खिशावर हात ठेवला. “मास्तर, सोमवारी मोजणीचा अर्ज देतोय. तुमच्या कानावर असावं.”

मास्तरांनी गळ्यातली टेप उगाचच बोटाभोवती गुंडाळली. “अर्ज कशाला? दोनच फूट ना? उद्या भिंत पाडतो. तुम्ही म्हणाल तिथे नवी घालू.”

“मला दान नको.”

“दान कसलं हो! कापड कमी पडलं की आम्ही शिवण थोडी इकडेतिकडे घेतो. सदरा अंगाला बसल्याशी कारण. पण अर्ज देऊ नका, साहेब. हात जोडतो.” त्यांनी खरंच हात जोडले. “आणि लिंबूही इकडेच लावा. ऊन चांगलं आहे.”

चोराच्या मनात चांदणं, साहेब मनात म्हणाले. झाड भिंतीलगत लावलं की भिंत कायमची झाली, एवढं न कळायला ते काय दुधखुळे होते? त्यांनी पहार उचलली.

माती मऊ होती, खड्डा भराभर खोल जात होता. मास्तर घरात न जाता भिंतीशीच उभे होते. दोन हात खोल गेल्यावर पहार खणकन वाजली.

“दगड लागला,” साहेब कुरकुरले आणि गुडघ्यांवर बसून हातांनी माती सारू लागले. दगड चौकोनी, घडवलेला होता. जागचा जराही हललेला नव्हता. त्यांनी वरची माती पुसली. माथ्यावर टाकीने कोरलेली फुली होती.

असे शेकडो दगड त्यांनी स्वतः शोधून काढले होते. झोपेतसुद्धा ओळखले असते. हद्दीचा दगड. भिंतीच्या चार फूट अलीकडे!

जन्माची सवय म्हणून त्यांनी फुलीच्या लांब, हद्दीची दिशा दाखवणाऱ्या रेघेवर नजर लावली आणि पुढे बघितलं. नजर सरळ गेली आणि स्वयंपाकघराच्या मधोमध शिरली. खिडकीतून ओटा दिसत होता, शेगडी दिसत होती. शेगडीशी उभी राहून बायको मास्तरांची वाटी भरत होती, मास्तरांच्याच जागेत.

“म्हणून सांगत होतो, साहेब,” मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, “लिंबू भिंतीलगत लावा.”