वस्तादाची शिंक

"करा दाढी," फौजदार खुर्चीत मान टाकून म्हणाला. "त्या दिवशी करत होतात तश्शीच."

वस्ताद जागचा हलला नाही. चार दिवसांपूर्वी याच खुर्चीत एका कंत्राटदाराचा गळा कापला गेला होता. माणूस वाचला, पण आवाज गेला तो कायमचा. वस्तादाचा जबाब साधा होता: शिंक आली, हात हलला. हे खरं ठरलं तर तो अपघात, आणि वस्ताद मोकळा. खोटं ठरलं तर उरलेलं म्हातारपण तुरुंगात.

"घाबरलात?"

"कशाला घाबरू?" वस्तादानं फडकं झटकलं, फौजदाराच्या गळ्याशी बांधलं आणि वाटीत ब्रश फिरवायला लागला.

आरशातून फौजदार त्याचा हात न्याहाळत होता. संशय घेणं हा त्याचा धंदाच. हा हात त्याला जरा जास्तच स्थिर वाटत होता. जबाबही नको इतका नीटनेटका. 'काम कायदेशीर होतं, योग्य ती काळजी घेतली होती, हेतू वाईट नव्हता.' जन्मभर दाढ्या करणारा माणूस असं बोलतो होय?

"ही वाक्यं कुठल्या वकिलानं पढवली?"

"वकील कुठला, साहेब! कोर्टात ऐकली होती. पाठ झाली."

ते खरं असावं. दोन वर्षांपूर्वी वस्तादाचा एकुलता एक मुलगा याच कंत्राटदाराच्या कामावर रंग देत होता. तिसऱ्या मजल्यावर बांबूच्या परांचीची एक दोरी तुटली आणि तो खाली आला. कंत्राटदार 'अपघात' म्हणाला, 'योग्य ती काळजी घेतली होती' म्हणाला, आणि सुटला. परांची पुढं आठवडाभर तशीच उभी होती. ती चौकशीही याच फौजदाराकडे होती. एका दुपारी उरकली. त्यामुळे आता वैराचं मूळ शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. जुना अहवाल त्याच्याच कपाटात होता.

"पण तो तुमच्याच खुर्चीत बसायला आला कसा?"

"आपणहून आला." वस्ताद फेस लावत होता. "म्हणाला, कोर्टानं सोडलंय, आता मनात कशाला ठेवायचं, वस्ताद? चार लोकांनी मला तुझ्याकडं दाढी करून घेताना पाहिलं की बोलणाऱ्यांची तोंडं बंद होतील."

"आणि तुम्ही मनात ठेवलं नाहीत?"

वस्तादानं वस्तरा पट्ट्यावर चारदा ओढला. दारातला हवालदार एक पाऊल आत आला.

उजवा गाल झाला. पातं डाव्या गालावर आलं. ते गळ्याशी जायच्या आत काय ते उरकायला हवं होतं. गालावर दोन-चार टाके पडले असते तर फौजदाराला परवडलं असतं. फडक्याखाली त्यानं तपकिरीची डबी उघडली. वस्ताद वाकला, तशी त्यानं चिमूट काढून नेमकी त्याच्या नाकाखाली उडवली.

वस्तादाचं नाक फुललं. डोळ्यांत पाणी आलं. आणि शिंक यायच्या आधी त्याचा उजवा हात वस्तऱ्यासकट डोक्याच्या वर गेला, सरळ छताकडं. मग शिंक आली. एक, दोन, तीन. हात वरच.

फौजदारानं गाल चाचपला. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"मागच्या गल्लीतला तुमचा चेला परवा सांगत होता," तो हळूच म्हणाला. "आधी हात वर, मग शिंक. हे अंगात भिनेपर्यंत तुम्ही कुणाच्या हाती वस्तरा देत नाही म्हणे. चाळीस वर्षं तुमचा हात असाच वर जातोय, वस्ताद. मग नेमका त्याच दिवशी कसा गेला नाही?"

वस्तादानं मान वर करून पाहिलं. हात अजून तिथंच होता. त्याला न विचारताच गेलेला. त्यानं तो खाली आणला.

"दाढी अर्धी राहिलीय," वस्ताद म्हणाला.

हवालदार धावला, पण तोवर पातं गळ्यावर टेकलं होतं. आता मध्ये पडणंही धोक्याचं होतं. आपण इथं कशाला बसलो, असं फौजदाराला पहिल्यांदाच वाटलं.

वस्ताद सावकाश हात चालवत राहिला. हनुवटीखालचा खळगा, जबड्याची कड, कानाजवळची रेघ, काही म्हणून सोडलं नाही. रक्ताचा थेंब नसतानाही त्यानं तुरटी फिरवली, कारण ती त्याची रीत होती. वस्तरा पुसला, मिटला आणि फौजदाराच्या तळहातावर ठेवला.

"मुद्दाम केलं, साहेब. लिहून घ्या." त्यानं दोन्ही मनगटं पुढं केली. "खरं शोधायला तुम्ही माझ्या वस्तऱ्याखाली मान दिलीत. त्या परांचीवर मात्र एकदा चढून पाहिलं नाहीत."