लांब शेपटीचा पक्षी

झालाना वस्तीतल्या आमच्या गच्चीवर स्वर्गीय नर्तक पक्षी उतरला, त्याची हातभर शेपटी माझ्या ओल्या पापडांना चिकटली, मी ती तेल लावून सोडवली आणि जाताना त्याने मान वाकवून मला नमस्कार केला. हे मराठीत सांगायला मला अर्धा तासही पुरत नाही. पण माझ्या मुलाने, राजनने, मला पक्षी बघून नोंदी पाठवणाऱ्यांच्या ई-मेल ग्रुपमध्ये घातलं, आणि तिथे सगळा कारभार इंग्रजीत! मला तर पहिल्याच नोंदीत छाप पाडायची होती.

दोन दुपारी डिक्शनरी घेऊन बसले. एका चिकटण्याला सहा शब्द, त्यातला कुठला घालू? डोकं फिरलं नुसतं. शेवटी चारच वाक्यं जमली. पांढरा पक्षी आला. शेपटी लांब होती. पाच मिनिटं बसला. उडून गेला.

"आजी, मतलब एवढंच?" नात हसली.

"एवढंच येतंय अगं मेले, पाठव!"

तिसऱ्या दिवशी ग्रुपप्रमुख सक्सेनाजींचं उत्तर आलं. इतकी साधी, तिखटमीठ न लावलेली नोंद त्यांनी आजवर वाचली नव्हती म्हणे. यापुढे बाकीच्यांच्या नोंदी खऱ्या की खोट्या, ते मी ठरवायचं.

 

आता एकदा तरी मला तो पक्षी खरोखर बघायला हवा.