डिस्क सापडेना

१९९८ साली हेमलतानं आणि मी संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतः बांधला. तो सुरू होतानाच अडला. त्याला डिस्क सापडेना. दुपारी साहेब बघायला येणार होते. चाललं नाही तर प्रकल्प बंद.

"डिस्क वाचणारा भाग कुठाय?" मी विचारलं.

"कर्नल हलका व्हावा म्हणून काढून डिस्कवर ठेवला," हेमलता म्हणाली.

"अगं बाई! किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलंस?"

तो भाग आत घालून पुन्हा बांधायला घेतला, तोवर साहेब आले. हेमलतानं चूक सांगून टाकली. "थांबतो की," म्हणत ते बसले. संध्याकाळी संगणक चालला.

प्रकल्प पुढे बंद पडलाच. साहेब वारले. हेमलता सत्तरीतही कर्नल बांधते, अडलं की मला फोन करते. मला आता त्यातलं काही कळत नाही. मी ऐकत राहते.