बाकावरची छकुली
पुण्यातल्या एका विद्यापीठानं बारामतीत विज्ञान मेळावा भरवला होता. न्यूट्रॉन ताऱ्यांवर बोलायला शेळगावची राजलक्ष्मी आली होती. तिला दहावीपर्यंत शिकवणारे मोहनराव सर मागच्या रांगेत बसून ऐकत होते. व्याख्यान संपलं तशी ती पोरांच्या गराड्यातून वाट काढत आली आणि सरांच्या पाया पडली. "पोरी, तुझी माफी मागायला आलोय," सर म्हणाले. "फिजिक्स पोरींना झेपत न्हाय, असं वर्गात बोललो होतो." "त्या रागापायीच तर घेतलं मी!" ती मनमोकळं हसली. "माझ्या बाकावरची छकुली कुठं असते हो? माझ्यापेक्षा लई हुशार होती ती." "गावातच हाय. डाळिंबं निवडायला जाते." "काय सांगता? पुढं शिकली न्हाय?" सरांनी हातातल्या कार्यक्रमपत्रिकेची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. सर म्हणाले, "तिनं माझं ऐकलं."